पाणी एकवीस

गेल्या शनिवारी पाणी सव्वीसवर होतं.
फौंड्रीतला जुना थर्मामीटर दोरीला बांधून
मी ढोपरभर पाण्यात सोडतो.
उद्यमबागेत तीस वर्षं
लोखंडाच्या रंगावरनं ताप सांगितला,
पण पाण्याला रंग फुटत नाही,
त्याला विचारावंच लागतं.

सव्वीस म्हणजे मरळ काठाला.
बेळगुंदीच्या मागच्या तळ्यात, पाणकणसाच्या मुळाशी,
ताटाएवढी जागा शेपटीनं झाडून
दोघं खाली उभी,
वर अंड्यांची पिवळट साय.
अशा दिवसांत नर भुकेला नसतो.
रबरी बेडूक त्या ताटावरनं सरकला
की तो खायला येत नाही,
हाकलायला येतो.
हे मला ठाऊक होतं.
ठाऊक होतं म्हणूनच तर तिथं टाकला.

नर्मदाचे टाके ओले होते.
मरळीचा रस्सा द्या, कातडं लवकर जुळतं,
सगळेच सांगत होते,
दवाखान्यातला कंपाउंडरसुद्धा.
सव्वा किलो भरला.

मंगळवारी खानापूरकडनं गार उतरली.
आवळ्याएवढ्या गारा,
काजूचा उरलासुरला मोहोर रस्त्यावर,
रताळ्याच्या वेलांना भोकं.
आणि मग तीन दिवस नुसता वारा.
आभाळ घासून ठेवलेलं, ऊन लख्ख,
आणि चैत्र लागायच्या तोंडावर
माणसं कपाटातनं स्वेटर काढतायत.

नवख्यांना असं आभाळ बघून हुरूप येतो.
आज दोन पोरं आलीत शहापूरची, नवे रॉड घेऊन,
फेकतायत आणि ओढतायत,
ओढतायत आणि फेकतायत.
दस्तगीर बांधावर बसलाय,
गांडुळांच्या डब्यावर झाकण लावून.
'नीर तंपागैती,' म्हणाला,
आणि मग माझ्यासाठी मराठीत,
'आज काय गावत नाही बग.
नाकापुढं नेऊन ठेवलंस तरी तोंड उघडायचं नाही.'

एकवीस.
उथळ वाळूत चिलापीचे खळगे
पंगत उठल्यावरच्या पत्रावळींसारखे पडलेत.
सगळी मंडळी खाणीच्या खड्ड्यात गेली असणार,
खाली, जिथं वारा पोचत नाही.

ती मात्र आहे.
पाणकणसाखाली, हातभर खोल,
रंग उतरलेली, कल्ले सावकाश.
मी काही टाकलं नाही.
काठीची सावली तिच्यावरनं गेली
तरी हलली नाही.
बारकी दांडई येतात, टिपून जातात.
ती वळते,
जड कपाट सरकवावं तशी,
तोवर दुसऱ्या अंगानं येतात.
मधली अंडी पांढरी पडलीत.
आता ती कुणाची राखण करतेय,
तिला कळत असेल का,
की नुसती जागा धरून आहे?

थंडीनं झालं, असं म्हणता येईल.
दस्तगीरला मी तसंच म्हणालो.
थंडीनं अंडी जातातच, तो म्हणाला,
आणि पाण्याकडं बघत राहिला,
बराच वेळ,
जिथं दोन असायला हवीत तिथं.

नर्मदाचे टाके काल काढले.
छान जुळलंय, डॉक्टर म्हणाले,
खाण्यापिण्याकडं लक्ष दिलंत वाटतं.
तिनं माझ्याकडं बोट दाखवलं.

थर्मामीटर परत सोडला.
एकवीस, केसभर वर.
अकराला ऊन पाणकणसावर येतं,
तिथवर बसायचं,
गळ पिशवीतच राहू दे.
पोरं कंटाळून गेली, जाताना विचारलं,
काका, तुम्ही काय लावलंय?
मी दोरी दाखवली.
हसली.

दस्तगीरनं डबा उघडला,
ओंजळभर ओली माती गांडुळांवर पसरली
आणि डबा उचलून
आपल्या पायाजवळ,
उन्हात ठेवला.